शेजाऱ्याच्या तळहातावरची पिवळी गोळी

माझ्या शेजाऱ्याला त्याची बायको रोज सकाळी एक पिवळी गोळी द्यायची आणि ते बघून मी जळायचो. सरळच लिहितो. फिरवून लिहायला मला येत नाही, शाळा चौथीपर्यंतच झाली. पोरांच्या दुरेघी वहीत मोठी मोठी अक्षरं काढून लिहितोय. एक डोळा अजून धुरकट आहे, त्यामुळे ओळ वाकडी गेली तर जाऊ दे.

सरावलीत आमच्या दोन खोल्या लागून आहेत. मधे एक भिंत, पुढे एकच ओटा. मी माहीमचा, किनाऱ्यावरचा. तो घाटावरचा, साताऱ्याकडचा, गळ्यात तुळशीची माळ. दोघांनी बोईसरच्या कारखान्यांत जन्म काढला, मी बॉयलरवर, तो रंगाच्या कंपनीत. मी त्याला माळकरी म्हणतो. इतकी वर्षं शेजारी राहून तो मला अजून पाव्हणंच म्हणतो. जणू समुद्रावरून मी दोन दिवसांसाठी आलोय.

मासळीवरून आमच्यात कायम चालायचं. माझी बायको बोंबील तळायला लागली की त्याच्या खिडकीचं दार लागायचं. मग तो ओट्यावरून ओरडायचा, "पाव्हणं, आज समुद्र घरात घेतलाय व्हय?"

माझी बायको आतून म्हणायची, "माळकरी भाऊ, या, तुमाला पण एक देते. माळ खुंटीला टांगून या."

तो हसायचा. ती पण हसायची. पण त्यांचा उपासाचा वार असला की ती सुकी मासळी मागच्या बाजूला वाळत घालायची. मी कधी सांगितलं नव्हतं. तिचं तीच करायची.

ती जाऊन आता वर्ष उलटलं. दुपारी छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. त्यावर जास्त लिहीत नाही.

ती गेल्यापासून मी मासे खाल्ले नाहीत. लोकांना वाटतं शोक पाळतोय. तसं काही नाही. मला काटा दिसत नव्हता. डोळ्यांपुढे बॉयलरची वाफ धरावी तसं झालं होतं, दोन्ही डोळ्यांना. समोरून रिक्षा आली तर दिव्याभोवती नुसतं पिसारल्यासारखं दिसायचं. डाळभात खायचो. डाळीत काटा नसतो.

आणि रोज सकाळी शेजारी हा माणूस. ओट्यावर बसून चपाती चहात बुडवून खायचा, चष्म्याशिवाय पेपर वाचायचा, तोही मोठ्याने. अर्धी चपाती झाली की वहिनी बाहेर यायची. त्याचा हात पुढे व्हायचा, नजर पेपरातच. ती त्याच्या तळहातावर गोळी ठेवायची, वर पाण्याचा पेला. गिळेपर्यंत उभी राहायची. मग गुळाचा खडा. हे सगळं न बोलता. मी माझ्या बाजूला बसून माझा चहा प्यायचो. मला धड दिसत नव्हतं, पण तेवढं बरोबर दिसायचं.

त्या गोळीत काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

झालं असं की गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात वहिनी पदराखाली बाटली झाकून माझ्या दारात आली. माळकरी बाजारात गेला होता.

"भावजी, जरा वास घेऊन बघा की. लई येतोय का?"

मी झाकण उघडलं. हा वास मी जन्मात विसरणार नाही. माझ्या सासऱ्याची होडी होती. मुशी मासा गावला की त्याची कलेजी मडक्यात वितळवून तेल काढायचे आणि ते होडीच्या फळ्यांना फासायचे, लाकूड कुजू नये म्हणून. लग्नाआधी मी बायकोला बघायला गेलो तेव्हा तिच्या हाताला तो वास होता. तिने हात पदरात लपवला होता.

"वहिनी, हे मासळीचं तेल हाय," मी म्हणालो.

"हळू बोला. ठाव हाय मला. लेकीनं धाडलंय. ह्यांचं डोळं कोरडं पडत्यात, रंगाच्या कंपनीनं खाल्लं, जळजळ जळजळ करत बसत्यात. लेक म्हणली, काहींना ह्यानं आराम पडतो."

"आणि माळ?"

"म्हणून तर तुमच्याकडं आले. ह्यांना मी व्हिटामिन म्हणून सांगितलंय. पर ढेकर आली की वास येतो. काल म्हणत हुते, पाव्हण्यांच्या घरात काय शिजतंय का बघ. तुमी मासळीवाली माणसं, वास कसा मोडायचा ते सांगा."

मला हसू आलं. साताऱ्याचा माळकरी होडीच्या फळीसारखा तेल लावून घेत होता आणि नाव माझ्या चुलीचं घेत होता. मी सांगितलं, उपाशीपोटी देऊ नका, अर्ध्या खाण्यावर द्या, आणि वर लगेच गुळाचा खडा. गुळाची युक्ती माझ्या बायकोची. कसलंही वासाचं, कडू औषध असलं की ती माझ्या हातावर खडा ठेवायची आणि म्हणायची, "तोंड मिटा आता, बोलू नका." मी बोलायचोच.

वहिनीचं काम झालं. ढेकरेचा वास गेला. आणि माझ्या घरातली चाल भिंतीपलीकडे सुरू झाली. म्हणजे मीच माझ्या हाताने देऊन टाकली आणि मग रोज बसून बघू लागलो.

एकदा बोईसरला स्टेशनाजवळच्या मेडिकलमध्ये गेलो. म्हटलं आपणही घ्यावी. पोरगी काउंटरवर होती, तिने बाटली पुढे ठेवली. मी ती हातात धरली, हलवली, परत ठेवली. ती म्हणाली, "काय झालं आजोबा, घ्यायची नाही?" मी म्हणालो, नको. आपणच आणायची, आपणच उघडायची, आपल्याच हातावर आपणच ठेवायची. असली गोळी घेऊन काय करू.

आता जी गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती ती लिहितो.

ती जायच्या आधीच्या वर्षी इथे डोळ्यांचं शिबिर लागलं होतं. माळकऱ्याला मोतीबिंदू निघाला, पालघरला नेऊन ऑपरेशन झालं. तो सगळ्यांना सांगत होता, चला, फुकटात तपासतायत. माझी बायको मला म्हणाली, "मी पण जाऊन येऊ काय?" मी म्हणालो, "तुला काय धाड भरलीय? आमी मासे खाणारी माणसं. पालेभाजीवाल्यांचे डोळे जातात, आपले नाय जात." आमच्या गावात सगळे हेच म्हणायचे. मासळीचं डोकं खा, डोळा चोखून खा, म्हातारपणापर्यंत सुईत दोरा ओवशील. मी ते खरं धरून बसलो. तिने परत विचारलं नाही.

डोकं तर ती रोज मलाच द्यायची. घोळीचं, दाढ्याचं, बोयीचं, जे असेल त्याचं डोकं माझ्या ताटात. स्वतः शेपटी घ्यायची. तेव्हा माझ्या मनात कधी आलं नाही की हिच्या वाटणीचा डोळा कुठे गेला.

शेवटच्या वर्षी कालवणात खवलं यायला लागली. मी ताटातून उचलून तिला दाखवायचो. "हे काय हाय? डोळे फुटले काय तुझे?" ती म्हणायची, "तुमचे हायेत ना चांगले, मग काढा बाजूला आणि जेवा." मला वाटायचं उलट उत्तर देते.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी बाजारात मासळीवाली भेटली, सातपाटीहून येते ती. तिने मला बोलावून बसवलं. म्हणाली, "काका, मावशी गेली ते कळलं. तिच्यावानी मासा बघणारी बाई नाय. डोळ्याने नाय बघायची, बोटाने बघायची. गालफड उघडून वास घ्यायची, पोट दाबायची. मी म्हणायची मावशी, नजरेने बघ ना. ती म्हणायची, नजर ऱ्हायली नाय गो, घरात बोलू नको."

मी तिथून उठलो. काय आणायला गेलो होतो ते विसरून घरी आलो.

ती आंधळी होत होती आणि मी खवलं दाखवत होतो.

यानंतर ती गोळी बघताना माझं काय होत असेल ते समजून घ्या. त्याच्या डोळ्यांत नुसती जळजळ, तर त्याच्या बायकोने लेकीकडून औषध मागवलं, माळेला चोरून दिलं, माझ्यासारख्याच्या दारात वास मोडायला आली. माझ्या बायकोने नुसतं जाऊ का म्हणून विचारलं होतं.

शेवटी माझेच डोळे इतके गेले की मी स्टेशनाच्या जिन्याची पायरी चुकलो आणि गुडघा फोडून घेतला. तेव्हा पालघरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण बाई माझ्या लेकीच्या वयाची. बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलाय. इतके दिवस काय करत होतात?"

मी विचारलं, "मासळीच्या तेलाने जाईल काय?"

ती हसली नाही. म्हणाली, "मासे खा, चांगले असतात. पण मोतीबिंदू तेलाने जात नाही, कुठल्याच गोळीने जात नाही. ऑपरेशनच करावं लागतं. लहान असतं, त्याच दिवशी घरी." मग म्हणाली, "नंतर महिनाभर डोळ्यात थेंब टाकायचे, दिवसातून बऱ्याच वेळा, न चुकता. घरात थेंब टाकायला कोण आहे?"

मी सांगितलं, बघतो.

मुलगी वापीला दिलेली, तिची सासू अंथरुणाला खिळलेली. ती येऊ शकत नव्हती. दुसरं कोण? भिंतीपलीकडचे दोघं. मी रिक्षात बसून सगळा रस्ता मनात तेच जुळवत आलो. वहिनीला म्हणायचं, थेंब टाकाल का. एवढंच. अवघड काही नव्हतं. ती नाही म्हणाली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढंच विचारायला मी ओट्यावर आलो.

माळकरी चपाती खात होता. मला बघून पेपर खाली केला. "काय पाव्हणं, पालघरला गेलतासा म्हणं. काय म्हणला डाक्टर?"

"मोतीबिंदू. दोनी डोळ्यांत."

वहिनी गोळी घेऊन बाहेर आली होती. तिने ती त्याच्या हातावर ठेवली. त्याने गिळली, पाणी प्यायला, खडा तोंडात टाकला आणि मला म्हणाला, "बघा आता. तुमी जल्मभर मासं खाल्लं, डोकं चोखलंसा. मी खाल्ली मेथी आणि शेपू. आता सांगा, पेपर कोण वाचतंय?"

वहिनी म्हणाली, "गप बसा वो," आणि हसत त्याच्या खांद्यावर चापट मारली.

ती चापट. मी थेंबांचं विचारायला तोंड उघडलं होतं आणि बाहेर दुसरंच आलं.

"तू रोज गिळतोस ते मासळीचं तेल हाय, माळकरी. विचार तिला."

तो माझ्याकडे बघत राहिला, चेष्टा समजून. मग वहिनीकडे बघितलं. वहिनीने फरशीकडे बघितलं. त्याने तोंडातला खडा काढून हातात घेतला, पेपरची नीट घडी घातली आणि उठून आत गेला. चूळ भरल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. बराच वेळ तो चुळाच भरत होता.

वहिनी मला एवढंच म्हणाली, "मी तुमास्नी घरचं माणूस समजून आले हुते."

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भिंतीपलीकडून आवाजच येईना. तो तिच्या हातचं खाईना. स्वतः चहा करायला गेला, तर भांडं पडल्याचा आवाज. भाकरी थापता येत नव्हती, मुरमुरे खाऊन राहिला. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, कळू दे, आपल्या हाताने करून खाणं काय असतं ते. दुसऱ्या दिवशी बरं वाटेनासं झालं. तिसऱ्या दिवशी मी ओट्यावर गेलोच नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या दारात आला. बस म्हटलं तर बसला नाही.

"पाव्हणं, मला का सांगितलंसा?"

"तुझी माळ हाय म्हणून."

"माळंचं मी बघतो. देवाला मी सांगीन काय सांगायचं ते. तुमी का सांगितलंसा? तुमाला तर कैक म्हयन्यांपासनं ठाव हुतं."

मी खाली बघून म्हणालो, "तुझ्या हातावर कोणतरी ठेवतं म्हणून."

तो उभाच होता. मग उंबऱ्यावर टेकला. मी त्याला शिबिराचं सांगितलं, बायको काय म्हणाली होती, मी काय म्हणालो होतो. खवल्यांचं सांगितलं. मासळीवालीचं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "आमच्या हिला मी म्हणलं, एकडाव इचारायचंस तरी. तर म्हणली, इचारलं असतं तर घेतलं असतंसा व्हय?" मग स्वतःच म्हणाला, "न्हाई घेतलं असतं. ते बी खरं."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे भाकरी थापल्याचा आवाज आला. सकाळी माझ्या खिडकीत ती बाटली ठेवलेली होती, अर्धी भरलेली. वहिनी बाजूला उभी होती. मी हात पुढे केला तर तिने उचलून दिली नाही. म्हणाली, "घ्या. तुमास्नी चालतंय." भावजी म्हणाली नाही.

बाटली फळीवर आहे. मी त्यातली एकही गिळलेली नाही. कधी झाकण उघडतो, वास घेतो, परत लावतो.

थेंबांचं मी विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार होतो? पण पालघरहून फोन आला तेव्हा मी ओट्यावर मोठ्याने बोलत होतो, मला फोनवर हळू बोलता येत नाही, आणि डॉक्टरीण बाईने परत तेच विचारलं, थेंब टाकायला कोण आहे. मी म्हणत होतो, "नाय, कोण नाय घरात." माळकऱ्याने पेपरच्या मागून म्हटलं, "हाय म्हणून सांगा. मी हाय."

एका डोळ्याचं झालं. तोच घेऊन गेला, तोच घेऊन आला. वहिनी पहिल्या दिवशी भात आणि मुगाची आमटी देऊन गेली, ताट ठेवून लगेच वळली. थेंब तो टाकायचा. त्याचा हात थरथरतो, पहिला थेंब गालावर, दुसरा नाकात, तिसरा डोळ्यात. मी आडवा, तो माझ्यावर वाकलेला, त्याची माळ माझ्या हनुवटीला लागायची. बाटली दिव्याकडे धरून तो रोज विचारायचा, "पाव्हणं, बघा बरं वास घेऊन. ह्यात मासा न्हाई ना?"

रोज तेच. मी म्हणायचो, "टाक गपचूप." भिंतीपलीकडून वहिनीचं हसू ऐकू यायचं. त्याला ऐकू जावं म्हणूनच ती हसायची, मला कळत होतं.

पट्टी निघाल्यावर आठवड्याने मी काळा चष्मा लावून सकाळी ओट्यावर बसलो. आधी वाटलं ऊन जास्त आहे. ऊन तेवढंच होतं, मला दिसत जास्त होतं. समोरच्या भिंतीचा रंग उडालाय हे कळलं. माझ्या स्वतःच्या हातावरचे डाग दिसले.

माळकरी चपाती खात होता. अर्धी झाली तशी त्याने पेपरातून नजर न काढता हात पुढे केला. गोळी तर बंद झालेली. मला वाटलं सवयीने हात गेला असेल, मागे घेईल. वहिनी बाहेर आली आणि त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. नुसता खडा. तो तोंडात टाकेपर्यंत उभी राहिली, मग आत गेली.

तो खडा माझ्या बायकोचा होता. मी चष्मा पुसल्यासारखं केलं आणि आत आलो. दुसऱ्या डोळ्याची तारीख अजून घेतलेली नाही. एका डोळ्याला दिसतंय तेच पुष्कळ.